झाकली मूठ, उघडा पंजा : चोजुन मियागी

कराटे म्हटले की डोळ्यांसमोर आवळलेली मूठ येते. सिनेमाची पोस्टरे, क्लासच्या पाट्या, मुलांच्या टी-शर्टांवरची चित्रे, सगळीकडे मूठच. पण ज्यांच्या घराण्याचे कराटे आज जगभर शिकवले जाते, त्या चोजुन मियागींनी ही मूठ केव्हा मिटायची आणि केव्हा उघडायची, या प्रश्नात आयुष्याची कितीतरी वर्षे घातली. आपल्या मंडळाच्या सभासदांची मुले-नातवंडे कराटेच्या वर्गाला जातात. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर गोजू-र्यू अशी अक्षरे असतील, तर ती मुले याच मियागींच्या परंपरेतली. म्हणून या वेळी त्यांचे चरित्र लिहायला घेतले.

नाव ओळखीचे वाटत असेल तर तेही बरोबर आहे. १९८४ साली द कराटे किड नावाचा अमेरिकन चित्रपट आला. त्यातला इमारतीची देखभाल करणारा, कमी बोलणारा ओकिनावाचा म्हातारा गुरू म्हणजे मिस्टर मियागी. पटकथा लिहिणारे रॉबर्ट मार्क केमन स्वतः गोजू-र्यू शिकलेले होते आणि त्यांनी ते नाव आपल्या परंपरेच्या मूळ पुरुषावरून घेतले. पडद्यावरचा मियागी हातावर पोट असलेला माणूस आहे. खरे मियागी मात्र नाहा शहरातल्या एका गडगंज व्यापारी घराचे वारस होते.

चरित्राकडे वळण्याआधी थोडे हाताविषयी बोलू, नाहीतर पुढचे कळणार नाही.

मूठ वळणे वाटते तितके सोपे नाही. आधी चार बोटे मुळापासून गुंडाळायची, अंगठा बाहेरून त्यांच्यावर दाबून बसवायचा आणि मारताना तर्जनी व मधल्या बोटाच्या मुळाशी असलेली दोन हाडेच पुढे लागतील असे मनगट सरळ ठेवायचे. अंगठा आत राहिला तर तो मोडतो. करंगळीकडची बाजू लागली तर तिथले नाजूक हाड मोडते; चिडून भिंतीवर ठोसा मारणाऱ्या तरुणांचे एक्स-रे काढणारे डॉक्टर हे रोज पाहतात. पण नीट वळलेली मूठ ही एक गाठोडे झालेली वस्तू असते. बोटे सुरक्षित राहतात आणि शंभर मुलांना एका रांगेत उभे करून ती शिकवता येते.

उघड्या हाताचे तसे नाही. त्याच हाताने तळव्याच्या टाचेचा धक्का देता येतो, करंगळीखालच्या कडेने वार करता येतो, बोटांच्या टोकांनी डोळ्यांवर किंवा गळ्यावर जाता येते, मनगट पकडता येते, समोरच्याचा हात नुसता टेकून वळवता येतो. उघडा हात जास्त कामांचा, पण जास्त जोखमीचा. कच्च्या विद्यार्थ्याची बोटे त्यात मोडतात आणि पक्क्या विद्यार्थ्याच्या हातून दुसऱ्याचा डोळा जाऊ शकतो. ज्यांनी तालमीची माती अंगाला लावली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. कुस्तीत पंजा उघडाच असतो, कारण पकड तिथेच आहे. प्रोफेसर माणिकरावांच्या वडोदऱ्यातल्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे नाव घेत वाढलेल्या आमच्या पिढीला हात म्हणजे आधी पकड, मग बाकीचे. त्यामुळेच असेल, मियागींचे आयुष्य वाचताना मला ते फार परके वाटले नाही.

चोजुन मियागींचा जन्म २५ एप्रिल १८८८ रोजी नाहा येथे झाला. ओकिनावा हे बेट आज जपानचा भाग आहे, पण त्यांच्या जन्मापूर्वी नऊच वर्षे, १८७९ पर्यंत, तिथे र्युक्यू नावाचे स्वतंत्र राज्य होते. त्याचा चीनशी शतकानुशतकांचा व्यापार होता आणि त्या व्यापाराचे चीनमधले बंदर म्हणजे फुजियान प्रांतातले फूचौ. मालाबरोबर औषधे आली, पोथ्या आल्या आणि हाताने लढण्याच्या विद्याही आल्या. ओकिनावाचे लोक त्या विद्येला नुसते ते म्हणत. ते म्हणजे हात. मिटलेला की उघडा, हे त्या शब्दात कुठेच नाही.

मियागींचे कुटुंब चीनमधून औषधे आणून विकणारे होते. चोजुन पाच वर्षांचे असताना वडील वारले आणि घराण्याच्या थोरल्या शाखेला मूल नसल्याने त्यांना तिथे दत्तक देण्यात आले. दत्तक वारसाची घडण कशी असते हे आपल्या वडोदऱ्याला सांगायला नको. खुद्द सयाजीराव महाराज कवळाण्याहून दत्तक आले होते. पुढे घराण्याचा भार उचलायचा म्हणजे अंगात बळ हवे, मन घट्ट हवे, या हेतूने मुलाला अकराव्या वर्षी र्युको आरागाकी नावाच्या गुरूंकडे पाठवले. तीन वर्षांनी आरागाकींनीच त्याला नाहामधल्या सर्वांत मोठ्या गुरूंच्या पायाशी नेऊन बसवले. त्यांचे नाव कानर्यो हिगाओन्ना.

हिगाओन्ना हे फार वेगळे प्रकरण होते. घरची गरिबी, लाकूडफाट्याचा धंदा. तरुणपणी ते फूचौला गेले, तिथे वर्षानुवर्षे राहून चिनी गुरूंकडे शिकले आणि परत येऊन गाजावाजा न करता निवडक मुलांना शिकवू लागले. शिकवण कठोर होती. आधी गुरूच्या घरची कामे करायची, पाणी भरायचे, अंगण झाडायचे. मग सानचिन नावाचा एकच कवायतप्रकार, तोही वर्षानुवर्षे. कराटेत ठरावीक हालचालींच्या अशा क्रमाला काता म्हणतात. सानचिन म्हणजे तीन लढाया. पायांची बोटे आत वळवून जमिनीला पकडायची, ओटीपोट घट्ट करायचे, दोन्ही हात छातीसमोर, आणि एकेक पाऊल पुढे टाकत श्वास घ्यायचा व सोडायचा. पाहणाऱ्याला कंटाळा येईल अशी गोष्ट. करणाऱ्याला दोन मिनिटांत घाम फुटतो.

गोजू-र्यूमधले जुने लोक सांगत आले आहेत की हिगाओन्ना चीनहून घेऊन आले ते सानचिन उघड्या हातांचे होते. बोटे सरळ, वार बोटांच्या टोकांनी, श्वासही जलद. हे पटण्यासारखे आहे, कारण त्याच फूचौला १८९७ मध्ये गेलेले दुसरे एक ओकिनावाचे गृहस्थ, कानबुन उएची, जे सानचिन घेऊन आले ते आजही त्यांच्या उएची-र्यू परंपरेत उघड्याच हातांनी केले जाते. मग आपल्या मुलांना शिकवले जाणारे सानचिन मुठीचे कसे झाले?

विद्या शाळेत गेली म्हणून. ओकिनावातले दुसरे थोर गुरू आनको इतोसू यांनी १९०१ च्या सुमारास प्राथमिक शाळेत कराटे सुरू केले आणि १९०८ मध्ये प्रांताच्या शिक्षण खात्याला दहा कलमांचे पत्र लिहून त्याचे फायदे मांडले. हिगाओन्नाही १९०५ च्या सुमारास नाहाच्या व्यापारी शाळेत शिकवू लागले. (वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना कराटे! आमच्या बी.कॉम.च्या वेळी असे काही असते तर खातेवहीपेक्षा त्यातच जास्त मन रमले असते.) शाळेतल्या मुलांना डोळ्यात बोटे घालायला शिकवणे कुठल्या मुख्याध्यापकाला चालेल? तिथे हवे होते शरीर बळकट करणारे, शिस्तीचे, धोका नसलेले काही. बोटे मिटली. श्वास संथ झाला. जिवावर उठणारी विद्या व्यायामविद्या झाली. मिटलेल्या हातांची ही पद्धत हिगाओन्नांच्या उतारवयात रुळली आणि मियागींच्या हाती ती पक्की झाली.

मला यात दोन्ही बाजू दिसतात. मूठ मिटली नसती तर कराटे नाहाच्या दहा-बारा अंगणांतच संपले असते. पण मूठ मिटताना आत काय काय झाकले गेले, हे सांगणारा कुणी उरला नसता, तर पुढच्या पिढीला वाटले असते की कराटे म्हणजे ठोसे आणि लाथा. आपल्याकडे म्हणतात झाकली मूठ सव्वा लाखाची. पण सव्वा लाख आत आहेत हे निदान एकाला तरी ठाऊक हवे ना!

मियागी त्या एकांपैकी होते. १९१० ते १९१२ अशी दोन वर्षे सैन्यात काढून ते परतले आणि पुन्हा गुरूंच्या सेवेत लागले. १९१५ मध्ये ते फूचौला गेले. ज्या मातीत गुरू शिकले ती पाहावी, गुरूंच्या गुरूंचा काही माग लागतो का ते शोधावे, हा हेतू. त्याच वर्षी हिगाओन्ना वारले. मियागी तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. घरी पैसा होता, धंदा होता. पण पुढची तीस वर्षे त्यांनी वडिलोपार्जित पैसा शिकण्यात आणि शिकवण्यात घातला. आयुष्यभर बँकेत बसून मी एवढेच पाहिले की माणसे मुद्दल जपतात आणि व्याजावर जगतात. या गृहस्थांनी मुद्दलच खर्चायला काढले. कराटेवर पोट भरायचे नव्हते, म्हणून कुणाला खूश करायचीही गरज नव्हती.

गुरू गेल्यावर त्यांना दोन आधार मिळाले. एक माणूस आणि एक पोथी. माणूस म्हणजे गोकेन्की, नाहामध्ये चहाचा व्यापार करणारे फूचौचे चिनी गृहस्थ. ते पांढऱ्या करकोच्याच्या शैलीचे जाणकार होते. करकोच्याला मूठ नसते. त्याला चोच असते आणि पंख असतात. त्या शैलीत हात उघडा राहतो, मनगट सैल फिरते, समोरून आलेला जोर अडवण्याऐवजी बाजूला काढून दिला जातो. आणि पोथी म्हणजे बुबिशी. चिनी भाषेतला हा हस्तलिखित ग्रंथ ओकिनावातल्या कराटेकारांमध्ये नकला करून फिरत असे. त्यात औषधे आहेत, मर्मस्थाने आहेत, लढण्याच्या जोड्यांची चित्रे आहेत आणि हाताच्या सहा आकारांचे एक प्रकरण आहे.

या सगळ्यातून १९२१ च्या सुमारास मियागींनी एक नवा काता बांधला. त्याचे नाव तेन्शो, म्हणजे फिरणारे तळहात. पाय सानचिनचेच, पोट तसेच घट्ट, श्वास तसाच खोल. पण मूठ उघडलेली. मनगट फिरते, तळहात वर जातो, खाली दाबतो, बाजूला ढकलतो, मनगटाची पाठ वर उचलली जाते, पुन्हा तळवा. पहिल्यांदा पाहाल तर वाटेल की कुणी अदृश्य कणीक तिंबतो आहे. शरीर लोखंडासारखे आणि हात पाण्यासारखे, दोन्ही एकाच वेळी. सानचिनमध्ये जे मिटले होते त्याला मियागींनी तेन्शोत जागा करून दिली.

बरे, त्यांच्या सानचिनमध्येही शेवटी मूठ उघडतेच. ठोसे संपले की दोन्ही हात उघडून पुढे जातात, काहीतरी धरतात आणि जड ओझे ओढावे तसे मागे येतात. मग दोन्ही तळवे गोल फिरून पुढे ढकलतात. मुलांना हा भाग घाईने उरकायची सवय असते. वर्ग संपत आलेला असतो ना!

इथे एक गंमत सांगतो, कारण अनेक शिकणाऱ्यांनाही ती ठाऊक नसते. मियागींनी आपले सगळे काता दोन खात्यांत मांडले. एकाचे नाव हेइशू म्हणजे मिटलेले हात, दुसऱ्याचे काइशू म्हणजे उघडे हात. मिटलेल्या हातांच्या खात्यात सानचिन आहे, हे ठीक. पण त्याच खात्यात तेन्शोही आहे, ज्यात हात जवळजवळ सर्व वेळ उघडे असतात. उलट उघड्या हातांच्या खात्यातल्या कित्येक काता ठोशांनी भरलेल्या आहेत. जमाखर्च चुकला असे वाटेल, पण नोंद बरोबर आहे. मिटणे-उघडणे हे बोटांचे धरलेले नाही, शरीराचे धरलेले आहे. सानचिन आणि तेन्शोमध्ये सर्व स्नायू सुरुवातीपासून शेवटपर्यंत आवळलेले असतात, म्हणून ते मिटलेले. बाकीच्यांत शरीर क्षणात सैल, क्षणात घट्ट होते, म्हणून ते उघडे. हे एकदा कळले की मूठ श्रेष्ठ की पंजा श्रेष्ठ, हा वादच वेगळा दिसू लागतो.

हात तयार करण्याची त्यांची साधनेही याच विचाराची. गवताच्या दोरीने गुंडाळलेली, जमिनीत पुरलेली फळी मुठीसाठी होती. तिला माकिवारा म्हणतात. बोटांसाठी मातीचे तोंडाळ घट होते. घटाचा काठ वरून पाच बोटांच्या टोकांनी धरायचा, दोन्ही हातांत एकेक घट घेऊन चालायचे, आणि जमू लागले की आत वाळू वाढवत जायची. लाकडी दांड्याच्या टोकाला दगड बसवलेले एक वजन मनगटासाठी होते. आणि दोघांनी समोरासमोर उभे राहून मनगटाला मनगट टेकवत आळीपाळीने ढकलायचे, त्याला काकिए म्हणतात. त्यात हात उघडे असतात, डोळ्यांपेक्षा कातडीनेच समोरच्याचा जोर ओळखायचा असतो. मियागींच्या पकडीविषयी अचाट कथा सांगितल्या जातात, हाताने मांस उपटणे, बांबूची साल ओरबाडणे वगैरे. प्रत्येक पैलवानाच्या मागे अशा कथा लागतातच. मी त्या बाजूला ठेवतो. घटांची गोष्ट मात्र खरी आहे आणि मला ती जास्त मोठी वाटते.

१९२० च्या दशकाच्या मध्यावर ते, चोमो हानाशिरो, चोयू मोतोबू, केनवा माबुनी अशा निरनिराळ्या परंपरांच्या गुरूंनी नाहाच्या वाकासा भागात एकत्र अभ्यास करायला एक मंडळ काढले. एकमेकांना शिकवायचे, एकमेकांकडून शिकायचे. काही वर्षे ते चालले आणि मग बंद पडले. कारणे फार शोधायला नकोत. मंडळ चालवण्याचा अनुभव आपल्यातल्या पुष्कळांना आहे.

नावाची गोष्ट १९३० ची. टोकियोला मोठ्या समारंभात मियागींचे पट्टशिष्य जिनान शिन्झातो यांनी प्रात्यक्षिक केले. नंतर कुणीतरी विचारले, ही कुठली शैली? शिन्झातो अडले. ओकिनावात शैलींना नावे नव्हती. गावावरून, फार तर गुरूवरून ओळखत. वेळ मारून नेण्यासाठी त्यांनी अर्धकठीण अशा अर्थाचे एक नाव सांगितले आणि परत येऊन गुरूंना सारे कळवले. मियागी रागावले नाहीत. ते बुबिशीकडे वळले. त्या पोथीत आठ ओळींचे एक छोटे काव्य आहे आणि त्यात श्वास घेण्या-सोडण्याचा संबंध कठीण आणि मऊ या दोन गुणांशी जोडला आहे. कठीण म्हणजे गो, मऊ म्हणजे जू. तेच नाव त्यांनी घेतले, गोजू-र्यू. १९३३ मध्ये जपानच्या युद्धकला संघटनेत, दाई निप्पोन बुतोकुकाईमध्ये, त्याची नोंद झाली.

१९३४ मध्ये त्यांना हवाईहून बोलावणे आले. ओकिनावाची माणसे १९०० पासून उसाच्या मळ्यांत कामाला तिथे गेली होती आणि आता त्यांची दुसरी पिढी वाढत होती. तिथल्या एका वृत्तपत्राच्या ओकिनावन संपादकाने मुलांना आपल्या बेटाची विद्या कळावी म्हणून त्यांना नेले. दूर देशी वसलेल्या समाजाने आपल्या भूमीतला जाणकार बोलावणे, त्याच्या व्याख्यानाला सहकुटुंब जाणे, हे आपण इथे करतच आलो आहोत. मियागी काही महिने राहिले आणि पुढच्या वर्षी परतले. येताना एक कल्पना घेऊन आले. हवाईतले कुस्तीगीर लांबट आकाराचे जड लोखंडी कडे घेऊन व्यायाम करताना त्यांनी पाहिले होते. तसेच कडे त्यांनी आपल्या तालमीत आणले आणि त्याला कोंगोकेन असे नाव दिले. आज ते गोजू-र्यूच्या साधनांत जुनेच असल्यासारखे बसले आहे.

२५ ऑक्टोबर १९३६ रोजी नाहामध्ये एका वृत्तपत्राने गुरूंची बैठक भरवली. कराटे हा शब्द तोवर चिनी हात अशा अर्थाच्या अक्षरांनी लिहीत. आता त्याच उच्चाराची, पण रिकामा हात अशा अर्थाची अक्षरे वापरावीत असा प्रस्ताव होता. जपान चीनशी युद्धाच्या उंबरठ्यावर होता, तेव्हा चिनी हात हे नाव कुणाला अडचणीचे वाटत होते ते वेगळे सांगायला नको. मियागी बैठकीला हजर होते. नव्या नावाला त्यांनी कडाडून विरोध केला नाही आणि उत्साहही दाखवला नाही. फूचौचे गुरू, चिनी पोथी आणि चिनी चहावाला मित्र एवढे सगळे ज्यांच्या विद्येत आहे, त्यांच्याकडून याहून जास्त उत्साहाची अपेक्षा कशी करणार?

१९४० मध्ये पुन्हा तोच प्रश्न आला, शाळेचा आणि मुठीचा. विद्यार्थ्यांसाठी सोपे काता हवे होते. मियागींनी गेकिसाई नावाचे दोन काता केले. पहिल्यात जवळजवळ सगळे मुठीने, सरळ, दणकट, लष्करी काळाला आवडेल असे. दुसरा पहिल्याचाच भाऊ, बराचसा क्रम तोच. पण त्यात वार अडवणारी मूठ मध्येच उघडते, हात समोरच्या हाताला आकडीसारखा लागतो, पाय मांजरासारखा हलका होतो आणि शेवटी दोन्ही तळवे गोल फिरतात. मुलांना मूठ द्यायची आणि लगेच पुढच्या इयत्तेत ती उघडायला लावायची, अशी ही रचना. आपल्या मुलांच्या पहिल्या दोन-तीन पट्ट्यांच्या परीक्षांत हेच दोन काता असतात. त्यांना एकदा पहिला आणि दुसरा लागोपाठ करून दाखवायला सांगा आणि फक्त बोटांकडे पाहा.

पट्ट्यांवरून आठवले. मियागींनी हयातीत कुणालाही ब्लॅक बेल्टची पदवी दिली नाही. ती पद्धत तेव्हा जपानमध्ये सुरू झाली होती, त्यांनी ती घेतली नाही. परीक्षेच्या फीच्या पावत्या फाइलला लावून ठेवणाऱ्या पालकांनी याची नोंद घ्यावी, एवढेच म्हणतो.

१० ऑक्टोबर १९४४ रोजी अमेरिकी विमानांनी नाहावर बॉम्बफेक केली आणि शहराचा सुमारे नव्वद टक्के भाग जळून गेला. पुढच्या वसंतात सैन्य उतरले. एप्रिल ते जून १९४५ या तीन महिन्यांत ओकिनावात सुमारे लाखभर सामान्य नागरिक मेले. मियागींनी त्यात पोटची मुले गमावली. जिनान शिन्झातो, ज्यांच्याकडे सारी विद्या सोपवायची असे ठरल्यासारखे होते, तेही मारले गेले. तीस वर्षे जमवलेली टिपणे, कागद, पोथ्या नष्ट झाल्या. घर गेले, पैसा गेला. सत्तावन्न वर्षांचा माणूस. मुद्दल संपले होते आणि वारसही उरला नव्हता.

राहिले होते ते फक्त त्यांच्या शरीरात. युद्ध संपल्यावर ते पोलिसांना शिकवू लागले. नाहाच्या त्सुबोया भागात त्यांचे घर होते, त्याच्या अंगणात संध्याकाळी काही तरुण जमू लागले. छप्पर नाही, फरशी नाही. दगडी वजने, घट आणि उघडे आकाश. एइइची मियाझातो नावाचे पोलीस होते, आनइची मियागी नावाचा, आडनाव तेच पण नाते नसलेला, युद्धात पोरका झालेला मुलगा होता. सानचिन होत असताना मियागी मागून फिरत, उघड्या तळहाताने खांद्यांवर, पाठीवर, मांड्यांवर थापा मारत आणि कुठे सैल पडले आहे ते तपासत. मूठ विद्यार्थ्याची, पंजा गुरूचा.

८ ऑक्टोबर १९५३ रोजी, पासष्टाव्या वर्षी, चोजुन मियागी वारले. मागे वारसपत्र नव्हते, जाहीर केलेला उत्तराधिकारी नव्हता. मियाझातोंनी ती साधने सांभाळली आणि १९५७ मध्ये जुनदोकान ही तालीम उघडली. इतर शिष्यांनी आपापल्या वाटा धरल्या आणि आज गोजू-र्यूच्या अनेक शाखा आहेत, प्रत्येकीला आपणच मूळ असे वाटते. त्याचे एक कारण गुरूंच्या शिकवण्याच्या रीतीत होते. सानचिन ते सर्वांना शिकवत. त्यापुढे मात्र प्रत्येक शिष्याची बांधणी आणि स्वभाव पाहून एकच, फार तर दोन काता देत. एकाला सेइसान, दुसऱ्याला सेइयुनचिन, तिसऱ्याला शिसोचिन. त्यामुळे त्यांच्या पश्चात कुणा एकाकडे सगळी विद्या नव्हती. शिष्यांना एकमेकांच्या दारी जाऊन, आपल्याकडचा काता देऊन त्यांच्याकडचा घेत, ती जुळवावी लागली.